डाव्या चाकाचा आटा

जुन्नरच्या टांगाअड्ड्यावर त्या सकाळी जो आवाज झाला, तो बिबिजानने चुलीपुढे बसून ऐकला आणि भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. लोखंड वाजल्याचं तिला नवल नव्हतं. पुढे भट्टी आणि मागे चूल असलं तिचं घर, तिथे उभा दिवस लोखंड वाजायचंच. पण हा आवाज ठोकल्याचा नव्हता. टण्ण झालं आणि पुढे काहीच नाही. मंचरला माहेरी वडिलांनी कुलपं घडवताना तिला लहानपणी सांगितलं होतं, बेटी, ठोकलेलं लोखंड घुमतं, मोडलेलं गप्प होतं.

"अहो, मोडलं काहीतरी," ती म्हणाली.

"टांग्याचं?" भट्टीपुढून गफूरने विचारलं.

"टांग्याचं नाही. आवाज नवाय."

तेवढ्यात अड्ड्यावर हसण्याचा असा कल्लोळ उठला की बिबिजान पिठाच्या हातानेच दारात आली.

लिंबाखाली सावळारामची मोटार उभी होती. सावळाराम राजुरीचा, चांगल्या बागायतदार घरातला. जर्मनीची लढाई संपून तीनेक वर्षं झाली होती आणि त्याने मुंबईहून कुणाची तरी वापरलेली मोटार आणून जुन्नर ते घोडेगाव उतारू न्यायला सुरुवात केली होती. त्याला दोन महिने होत आले होते. रोज सकाळी तो मोटारीच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावी, हार घाली आणि मगच यंत्र सुरू करी. आज हार घालून झाला आणि पाहतो तर पुढचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं. ते उतरवून दुसरं चढवायचं, एवढंच काम. पण चाकाचा नट काही केल्या सुटेना. मग सावळारामने पान्याला हातभर लांब लोखंडी नळी लावली, दोन टांगेवाल्यांना त्या नळीवर लोंबकळायला लावलं, आणि टण्ण! नटासकट बोल्टचं तोंड तुटून धुळीत पडलं.

"सावळाराम, आमची घोडी असलं काय करत न्हाई बगा," रखमाजी टांगेवाला म्हणाला. "लई झालं तर लाथ मारती. पण सोताचा पाय मोडून हातात देत न्हाई."

सगळे पुन्हा हसले. सावळारामचा चेहरा तांबडालाल झाला. "गंज चढलाय, दुसरं काय न्हाई," म्हणत त्याने पाना पुढच्या नटाला लावला, नळी चढवली आणि छातीनिशी जोर घेतला.

बिबिजानने ते पाहिलं आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. "हात काढा! तोही मोडेल!"

ती धावत सुटली. पदर डोक्यावरून घसरतोय, हातावर ज्वारीचं पीठ, आणि ती थेट मोटारीपाशी. गफूर मागून आला, एक हात भिंतीला लावत.

"भाभी, हे चुलीचं काम न्हाई," सावळाराम म्हणाला.

"तुम्ही कुठल्या अंगाला फिरवताय?"

"जिकडं सगळी दुनिया फिरवती तिकडं! उजव्या बाजूची चाकं दोनदा उतरवली मी. काय तरास झाला न्हाई."

"उजवीकडची ना? ही डावी बाजू आहे."

सावळारामने मान झटकली. तेव्हा गफूर शांतपणे म्हणाला, "रखमाजी, तुझ्या टांग्याच्या डाव्या चाकाचं टोपण कुठल्या अंगाला सुटतं?"

"उलट्या," रखमाजी म्हणाला. "डाव्याला आटा उलटाच कापत्यात. न्हाई तर चाक फिरता फिरता टोपणच सुटून जायाचं." आणि बोलता बोलताच त्याचे डोळे मोठे झाले. "आरं तिच्या!"

सावळारामने पाना काढला, नळी फेकली आणि नट उलटा फिरवून पाहिला. लोण्यातून सुरी जावी तसा तो फिरला. बघ्यांनी अशी आरोळी ठोकली की टांग्यांची घोडी बुजली. गेली चार-पाच मिनिटं दोन गडी लोंबकळत होते ते नट सोडवायला नव्हे, तो आणखी आवळायला!

मोटारीत मागच्या बाजूला ठकूबाई बसली होती, मढची म्हातारी. बैलगाडीने जुन्नरला येऊन ती भल्या सकाळी मोटारीत चढली होती. घोडेगावला तिच्या लेकीच्या मुलाचं संध्याकाळी बारसं होतं. सगळे उतारू खाली उतरले तरी ही उतरली नव्हती.

"आजी, उतरा जरा, चाक काढायचंय," सावळाराम म्हणाला.

"मी उतरायची न्हाई. जागा जाईल."

"आजी, तुमची जागा कोण नेतंय?"

"त्ये मला ठावं न्हाई. मला दिस मावळायच्या आत घोडेगाव गाठायचंय. तू तुजं मोडकं सरळ कर."

मोडकं सरळ करणं सोपं नव्हतं. चाकाला चार बोल्ट. त्यातला एक मोटार घेतली तेव्हापासूनच गायब होता, आणि दुसरा आता तुटला. उरलेले दोन शेजारी शेजारी. तसंच चाक चढवलं तर पहिल्या खाचखळग्यात ते लचकणार. मुंबईहून बोल्ट मागवायचा तर आठवडा जाणार. सावळाराम तुटका तुकडा हातात घेऊन गफूरपुढे उभा राहिला. मघाची मिजास उतरली होती.

"चाचा, असा एक करून द्याल?"

गफूरने तुकडा बोटांनी चाचपला. "करू."

"पण मी म्होरं बसून बगणार. माझ्या गाडीत लोकांची लेकरंबाळं बसत्यात. काम माझ्या डोळ्यादेखत झालं पायजे."

हे ऐकलं आणि बिबिजान धास्तावली.

गोष्ट अशी होती की गफूरला दिसत नव्हतं. अगदी आंधळा नव्हता तो. माणूस ओळखायचा, घण नेमका मारायचा, रस्त्याने चालायचा. पण चार वर्षांपूर्वी भट्टीच्या उजेडाने त्याच्या डोळ्यांवर जाळं धरलं आणि जवळचं, बारीक सगळं पुसलं गेलं. तेव्हापासून मोठं काम तो पुढे करी, आणि बारीक काम 'निवायला ठेवतो' म्हणून आत नेई. आत मागच्या खिडकीपाशी बिबिजान कानस घेऊन बसे. वडिलांच्या कुलपांच्या किल्ल्यांचे दात तिने लहानपणी घासले होते, तोच हात टांग्यांचे आटे कापू लागला. भट्टीवर भाता तीच ओढायची, आणि तापलेल्या लोखंडाचा रंगही तीच सांगायची. रंगांना तिने आपली घरगुती नावं दिली होती. जांभूळ म्हणजे अजून कच्चं, डाळिंब म्हणजे सोसेल, झेंडू म्हणजे आता मारा. गिऱ्हाइकांना वाटायचं, नवराबायकोची भाषाच तसली. कुणाला कधी शंका आली नाही. आणि येऊन चालणार नव्हतं. टांग्याचं टोपण घाटात निसटलं तर माणूस जिवानिशी जातो. लोहाराला दिसत नाही आणि आटे त्याची बायको कापते, एवढं एकदा अड्ड्यावर कळलं की दुसऱ्या दिवसापासून भट्टी थंड, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रोज पहाटेच्या नमाजानंतर ती एकच मागणं मागायची, या अल्ला, आजचा दिवस झाकून ने.

आणि आज अख्खा अड्डा डोळे फाडून समोर बसला होता.

चाकामागून बोल्टचा अडकलेला बुंधा गफूरने दोन ठोक्यांत पाडला. नव्या बोल्टला चिवट लोखंड हवं म्हणून कोपऱ्यातला मोडका आस काढला.

"ह्यो तर माझ्या टांग्याचा!" रखमाजी ओरडला. "चार सालामागं बदलला त्यो. म्हंजी माझ्या टांग्याची हाडं मोटारीला?"

"नातं जुळतंय म्हणा की," कुणीतरी म्हणालं.

"जुळू दे. पण हुंडा म्हणून मला रोज सकाळी नारायणगावापर्यंत फुकट न्यायचं!"

बिबिजानने भाता धरला. ठिणग्या उडू लागल्या. "जांभूळ," ती म्हणाली. मग "डाळिंब." "झेंडू!" आणि गफूरचा हातोडा पडला. काय पडत होता! उभ्या आयुष्यात तिने त्याला इतकं सुंदर घडवताना पाहिलं नव्हतं. दोन तापांत सळई गोल झाली, तिसऱ्यात बोल्टचं डोकं बसलं. सावळाराम पुढे सरकत सरकत इतका जवळ आला की त्याच्या धोतराला ठिणगी लागली आणि त्याला कळलंही नाही. मग बोल्ट राखेत पुरून हळूहळू निवू दिला, कानस चालावी म्हणून. तोवर ठकूबाईने मोटारीतच शिदोरी सोडली आणि खाता खाता तिथूनच हुकूम सोडत राहिली. "झालं का गं? अजून न्हाई झालं?"

दुपारचं ऊन पलीकडे शिवनेरीच्या कड्यावर चढलं. गफूरने गार झालेला बोल्ट राखेतून काढला, फडक्याने पुसला आणि सवयीने आत जायला वळला.

"आत कशाला?" सावळाराम आडवा आला. "चाचा, हितंच. बोलणं झालंय आपलं."

गफूर थांबला. बिबिजानने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मग तो खाली बसला, बोल्ट पकडीत घट्ट बसवला आणि कानस हातात घेतली. त्याने अंगठ्याने जागा चाचपली, कानस टेकवली, आणि एक ओढ घेतली.

ओरखडा तिरपा, भलतीकडेच गेला. फक्त बिबिजानला कळलं. आणखी चार ओढी, की एवढं सोन्यासारखं घडवलेलं लोखंड वाया. उलटा आटा, त्यात बोटाएवढ्या जागेत पंधरा फेरे. त्याला ते दिसणारच नव्हतं. त्याला अडवावं तर गुपित फुटतं, न अडवावं तर बोल्ट जातो, आणि तो बोल्ट चाकाला लावून सावळाराम माणसं घेऊन घाट उतरतो. त्या चाकावर ठकूबाई बसणार होती.

ती "थांबा" म्हणणार, तोच गफूरने कानस खाली ठेवली.

"सावळाराम," तो म्हणाला, "मला हे दिसत नाही."

कुणाला काही कळेना.

"चार वर्षं झाली. डोळ्यांवर जाळं आलंय. घण मारतो तो मीच, पण आटे मी कापत नाही. ही कापते. ह्या अड्ड्यावरचा एकेक आटा हिच्या हातचा आहे. तुझ्या गाडीत माणसं बसतात म्हणून आज सांगितलं. आता तू तुझं ठरव."

बिबिजानने मान खाली घातली. झालं, तिला वाटलं, आता उद्यापासून भाता ओढायचा तो कुणासाठी?

"बाईमाणसाच्या हातचा बोल्ट?" सावळाराम अडखळला. "चाचा, मी... कसं हो..."

"माझ्या टांग्याचं बी?" रखमाजीने मध्येच विचारलं. त्याचा आवाज वेगळाच आला.

"तुझंच पहिलं," गफूर म्हणाला.

रखमाजी उठला. आपल्या टांग्यापाशी गेला, डाव्या चाकापुढे उकिडवा बसला, टोपणावरून हात फिरवला, मग दोन्ही हातांनी ते हलवून पाहिलं. तसूभर हललं नाही. तो परत आला तो कमरेवर हात ठेवूनच.

"चार वर्सं मी ह्या टोपणावर दिसातून दोनदा नारायणगाव करतोय. पावसात केलंय, रातीचं केलंय, घोडी उधळली तवा केलंय. माझी बायकापोरं बसल्यात त्या टांग्यात. एकदा ढिलं झालं न्हाई." मग तो सावळारामकडे वळला. "आन् तू? तुला सकाळपासनं नट कुठल्या अंगाला फिरतो त्ये ठावं न्हाई! त्ये सांगितलं कुणी? भाभींनीच ना? मग गप बस की राव, त्यांला काम करू दे!"

"त्यो बोलतोय त्ये खरंय," मोटारीतून ठकूबाई गरजली. "लेकी, तू घे कानस. बसायचं मला हाय त्या चाकावर, मी सांगती."

हसू फुटलं, सावळारामही हसला, आणि बिबिजानला वाटलं आपल्या डोक्यावरून भरलेला हंडा कुणीतरी अलगद उतरवून घेतला. गफूर बाजूला सरकला. चार वर्षांत पहिल्यांदा ती भट्टीच्या पुढच्या बाजूला, उजेडात, सगळ्यांदेखत बसली.

आधी दोरा हवा होता. आटा कापायची तिची रीत अशी की जुन्या आट्याच्या खाचेत नेमका बसेल असा दोरा घ्यायचा, त्याचे दोन पदर शेजारी शेजारी सळईवर गुंडाळायचे, मग एक पदर सोडवून काढायचा. राहिलेल्या पदराच्या कडेने जी मोकळी वाट दिसते, तिच्यावरून कानस चालवायची. पण मोटारीचा आटा टांग्याच्या आट्याहून बारीक. तिने गोधडीचा दोरा लावून पाहिला, जाड निघाला. शिवणाचा अगदीच बारीक. रखमाजीने चाबकाचं सूत काढून दिलं, तेही बसेना. मग तिचा हात गळ्याशी गेला. तस्बीचा, जपमाळेचा दोरा! तिने तो खाचेवर टेकवला, आणि तो आत असा बसला जणू तिथलाच होता.

"अगं, तस्बी?" गफूर दचकला.

"मणी कुठे जातात? अल्ला काय दोऱ्यात बसलाय?" म्हणत तिने गाठ सोडली. नव्याण्णव मणी वाटीत घरंगळले. वाटी ठेवायची कुठे? लोकांच्या पायांत नको. ठकूबाईने मोटारीतून हात पुढे केले. "आण हिकडं. जपाचं मणी हायत, मी मांडीवर धरती." गळ्यात तुळशीची माळ घातलेली ती म्हातारी वाटी दोन्ही हातांनी धरून अशी सावध बसली, जशी तान्ह्या नातवालाच घेऊन बसलीय.

बिबिजानने बिस्मिल्ला म्हटलं आणि दोरा गुंडाळायला घेतला. सवयीचा हात, तो आपला उजव्या अंगालाच वळत गेला. तिसऱ्या फेऱ्याला ती थांबली. जीभ चावली, सगळं सोडलं आणि पहिल्यापासून उलटं गुंडाळलं.

मग कानस चालू झाली. कुर्र, कुर्र. एकेका फेऱ्याला गर्दी मोजत होती. "सात!" "आठ!" तिच्या कपाळावरचा घाम गफूर आपल्या फडक्याने टिपत होता, सगळ्यांदेखत, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. "अकरा!" पदर कधीच खांद्यावर आला होता. "पंधरा!" म्हणताना तर अड्ड्याच्या टोकाला उभे असलेले वाणी, कासार, सगळे ओरडले.

तुटक्या तोंडावरून जुना नट सोडवून तिने तो नव्या बोल्टवर चढवला. एक फेरा गेला. दुसऱ्याला अडला.

"हात तिच्या!" सावळाराम हळहळला.

"थांबा की." तिने दिव्याची काजळी तेलात कालवून आट्याला लावली, नट पुन्हा चढवला, काढला, आणि काजळी जिथे पुसली गेली होती तिथे कानशीच्या टोकाने दोन हलके हात दिले. पुन्हा नट लावला आणि गफूरच्या हातात दिला. त्याने डोळे मिटले. बोटांनी नट फिरवला. फिरत गेला, फिरत गेला, आणि तळाशी जाऊन थांबला. गफूर हसला.

चाक चढलं. तीन नट सावळारामने स्वतः आवळले, दर वेळी मोठ्याने म्हणत, "डावं चाक, उलटा आटा! डावं चाक, उलटा आटा!" मोटार धडधडली. उतारू चढले.

"आता हिला घ्या," ठकूबाई म्हणाली. "जिनं बोल्ट केला ती माझ्याशेजारी बसंल. तवाच मोटार हालंल."

"मी? नाही बाई. चुलीवर तवा तसाच—"

"तवा मी उतरवतो," गफूर म्हणाला. "तेवढं दिसतं मला. जा. मंचरला भावाकडे उतर, उद्या ह्याच मोटारीने ये."

बिबिजान मोटारीत चढली. आयुष्यात पहिल्यांदा. जुन्नर मागे पळू लागलं, लिंब पळाला, भट्टी पळाली, आणि टांग्यात उभं राहून पागोटं हलवणारा रखमाजीही. वारा तोंडावर असा येत होता की हसू आवरेना. पण तिचा कान डाव्या चाकावर होता. नारायणगावचा पूल आला, मंचरचा उतार आला. चाक एकसारखं घुमत होतं. ठोकलेल्या लोखंडासारखं.

मंचरला ती उतरली तेव्हा ठकूबाईने वाटी तिच्या हातात दिली. ती रिकामी होती. मणी दुसऱ्या मुठीत होते, ओवलेले.

"वाटंत काय करायचं, म्हणून ववलं. नातवाला कडदोऱ्यासाठी काळा गोफ घेतला व्हता, त्यो लांब व्हता. मोजलेत दोनदा. नव्याण्णवच हायत."

सावळारामने भोंगा वाजवला आणि दिवस मावळायच्या आत घोडेगाव गाठायला मोटार निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बिबिजान परतली तेव्हा भट्टीपुढे कुणी नसेल, याची तिने मनाची तयारी केली होती. डोळ्यांदेखत वाहवा करणं वेगळं, आणि रात्रभर विचार केल्यावर आपल्या पोराबाळांचा टांगा त्याच हातात देणं वेगळं. पण तिथे तीन टांगे उभे होते. पहिला रखमाजीचा. त्याच्या टांग्याला काहीही झालेलं नव्हतं. उजव्या चाकाचं टोपण त्याने उगाच सोडून हातात धरलं होतं.

एरवी तो दारातून हाक मारायचा, गफूरभाई, बघा जरा. आज त्याने गफूरला नुसता रामराम घातला आणि टोपण बिबिजानपुढे धरलं.

"भाभी, जरा बगा. डावं तुमचं हाय, ठावंच हाय. ह्ये उजवं तुमच्याच हातचं का?"

बिबिजानने टोपण उन्हात धरून फिरवलं.

"माझंच," ती म्हणाली, आणि पदर खोचून भट्टीच्या पुढच्या बाजूला जाऊन बसली. मागच्या खिडकीपाशी ती त्यानंतर कानस घेऊन कधी बसली नाही. गफूर घण मारी, ती पुढे बसून आटे कापी, आणि पुढच्या काळात मोटारी एकीच्या चार झाल्या तेव्हा डावं चाक उतरवायच्या आधी प्रत्येक मोटारवाला एकदा तिच्या दाराशी येऊन विचारून जाई. तिची तस्बी मात्र शेवटपर्यंत त्याच काळ्या गोफात राहिली.